पाच भोकांचं तोरण

सें पिएरच्या गोवर्धनची मुलगी इंद्राणी बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईला टेलेक्सवर कामाला लागली, तेव्हा टेलेक्स म्हणजे काय हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं. गोवर्धनने जन्म साखर कारखान्यात काढलेला. तो येईल त्याला सांगे, "पोरगी हिकडं बोट मारते न् अक्षर लंडनला उमटतं." ऐकणारे मान डोलवत आणि पाठ वळली की हसत. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता.

कचेरी साखरेच्या दलालांची होती. मागच्या खोलीत खिडकीशी ते करडं, जड यंत्र आणि त्याच्या शेजारी हरिप्रसाद. हा तिथला मुख्य ऑपरेटर, पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. शब्द असे जपून वापरी की जणू ते त्याला रेशनवर मिळत होते. पहिल्याच दिवशी त्याने इंद्राणीला पट्टी दाखवली. अंगठ्याएवढी रुंद, पिवळी कागदी पट्टी. निरोप आधी त्या पट्टीवर टोचायचा, मग लाइन लागली की पट्टी यंत्रात घालायची, आणि यंत्र ती धडधडत वाचून पलीकडे पोचवायचं. प्रत्येक अक्षराला आडव्या ओळीत पाच जागा. कुठे भोक, कुठे कोरं, त्यावरून अक्षर ठरे.

"भोक परल त बंद ना होई, बेटी," हरिप्रसाद म्हणाला. पडलेलं भोक बुजत नाही. मग चूक झाली तर काय करायचं? त्याने खिशातून एक पितळी टोचणी काढली आणि चुकलेल्या अक्षराच्या उरलेल्या जागाही टोचून टाकल्या. पाचही भोकं पडली की यंत्र ते अक्षर छापत नाही, नुसतं पुढे सरकतं. त्याच्या लेखी तिथे कधी काही नव्हतंच. इंद्राणीला ही युक्ती फार आवडली. माणसांच्या चुकांनाही अशी सोय हवी होती, असं तिला वाटलं.

वर्षभरात ती पट्टी डोळ्यांनी वाचायला शिकली. हरिप्रसाद तर ओठ हलवत वर्तमानपत्रासारखी वाचत असे.

आता खरी गंमत. लाइन तीन मिनिटांच्या खाली मिळतच नसे आणि निरोप बहुतेक सव्वा मिनिटात संपे. उरलेल्या वेळात दोन्ही टोकांची माणसं काय करणार? गप्पा! मार्सेयच्या एका जहाज कंपनीत लूसेत नावाची ऑपरेटर होती. एकदा निरोप संपल्यावर तिने विचारलं, 'तुमच्याकडे आत्ता पाऊस आहे का?' इंद्राणीने इकडेतिकडे पाहिलं आणि टाइप केलं, 'नाही. ऊस कापतायत. हवेत काजळी आहे.' तेवढ्यावर मैत्री जमली.

मग एके दिवशी यंत्र आपलं आपण खडखडू लागलं. अर्थ काहीच लागेना, नुसते एक्स, ओ आणि टिंबं. इंद्राणी घाबरून उठली, दोन पावलं मागे गेली, आणि लांबून तिला दिसलं की ते शिडाचं जहाज आहे. अक्षरांचं! शिडं, दोर, खालच्या लाटासुद्धा. लूसेतने सांगितलं की जगभरचे ऑपरेटर अशी चित्रं टोचून एकमेकांना पाठवतात, हे तिला ऑस्लोहून आलं, त्यांना ब्राझीलहून. इंद्राणीने ते चित्र घडी करून बॅगेत घातलं आणि बसमध्ये चारदा उघडून पाहिलं.

पुढे खेळ आले. लूसेत बुद्धिबळाच्या खेळी पाठवी, इंद्राणीला ते जमेना, म्हणून तिने उलट तिला वाघ-बकरी शिकवली, रेघा आखून, नियम लिहून. मार्सेयच्या बकऱ्यांनी तिसऱ्याच आठवड्यात सें पिएरच्या वाघाला कोंडलं. यंत्राला एक बारकी घंटी होती, ऑपरेटरला हाक मारायला. लूसेतने अशी पट्टी टोचून पाठवली की घंटी नाचाच्या ठेक्यावर वाजू लागली. इंद्राणी कशाला मागे राहते! गणपतीत मराठी माणसं फेर धरून झाकरी म्हणतात, त्या झाकरीचा ठेका तिने घंटीवर बसवून धाडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'आम्ही तिघी टेबलाभोवती नाचलो. साहेब ओरडला.' हरिप्रसादला हे सगळं दिसे. तो फक्त म्हणे, "मशीन के भी दम लेवे द." यंत्रालाही जरा दम खाऊ दे.

या पट्ट्यांचा कचरा रोज टोपलीभर निघे. गणपती जवळ आले की इंद्राणी टोपलीतला कचरा पोत्यात भरून बसने घरी नेई. पिवळ्याधमक पट्ट्या, त्यांवर नक्षीसारखी भोकं. तिची आई भगवती आणि शेजारच्या बाया त्यांची फुलं, झालरी, तोरणं करत. सें पिएरच्या मराठी मंडळीच्या मखराची कीर्ती पार पोर्ट लुईपर्यंत गेली होती. पोतं न्यायची परवानगी हरिप्रसादनेच दिलेली.

हे सारं सुखाने चाललं असतं. पण ते बहात्तर साल होतं.

देशात आणीबाणी होती. गोदीतल्या संपानंतर धरपकड झाली होती, आणि वर्तमानपत्रं बंदी घातलेल्या मजकुराच्या जागी रकाने कोरे ठेवत. सें पिएरचे सत्यदेव गुरुजी ऊस कापणाऱ्यांच्या बाजूने चार शब्द बोलले, तर त्यांनाही उचललं. गावच्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, मुलांना मराठी शिकवणारा तो माणूस. इंद्राणीला 'ग म भ न' त्यांनीच गिरवायला दिलं होतं. त्यांची बायको हिरा सात आठवडे ठाण्यांचे उंबरे झिजवत होती. कोणी धड सांगेना की नवरा कुठे आहे. एक शिपाई तर म्हणाला, असा माणूस आमच्याकडे नाहीच.

त्याच आठवड्यात लूसेतने विचारलं, 'तुमच्याकडे माणसं नाहीशी होतात हे खरं का? माझा भाऊ रेडिओत आहे. इथे कोणाला काही कळत नाही.'

दुसऱ्या दिवशी हरिप्रसाद जेवायला गेला असताना इंद्राणी बसली आणि टोचत गेली. सत्यदेव आणि आणखी चौघे, त्यांची नावं, गावं, कधी नेलं, कोणी नेलं. साधारण तीन हात पट्टी झाली. तिने ती पाठवली. यंत्रावर उमटलेली प्रत फाडून, भिजवून, संडासात टाकून तीनदा पाणी ओतलं. मग जागेवर येऊन बसली आणि आपण किती हुशार, असं तिला वाटलं.

पट्टी मात्र हाताच्या सवयीने टोपलीत गेली होती. तिला त्याची शुद्धच नव्हती. तीन वर्षं त्या टोपलीत गणपतीची आरास पडत होती, पुरावा कधी पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हातांनी टोपली पोत्यात उपडी केली, पोतं बसच्या टपावर चढवलं आणि घरी आणून आईच्या पुढ्यात ठेवलं.

आठवड्याने परदेशी रेडिओवर ती पाच नावं वाचली गेली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी साध्या कपड्यांतला एक अंमलदार कचेरीत आला. शहरात टेलेक्सची यंत्रं मोजकीच, तो एकेक कचेरी पालथी घालत निघाला होता. त्याने प्रतींची फाइल चाळली, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि पायाने टोपली हलवली.

"ह्या पट्ट्या कुठे जातात?" त्याने बेटावरच्या क्रेओल बोलीत विचारलं.

आणि त्या क्षणी इंद्राणीला ती पट्टी आठवली. पोर्ट लुईच्या भर उन्हात तिला थंडी वाजली.

"जाळतो," हरिप्रसाद म्हणाला. मान वर न करता.

"खरं का, मामझेल?"

"वी, मिस्ये," इंद्राणी म्हणाली. होय साहेब. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

अंमलदार पुन्हा येईन म्हणून गेला. हरिप्रसादने तिच्या गणपतीच्या रजेच्या कागदावर सही करून दिली आणि कामाला लागला. पोतं कुठे जातं हे त्याला पक्कं ठाऊक होतं! मग तो खोटं का बोलला? स्वतःची नोकरी वाचवायला? की आधी खात्री करून घेऊन, मग आपण होऊन तिला धरून द्यायला? बसमध्ये इंद्राणी याच विचारात बुडाली होती. शेजारी बसलेल्या बाईने तिला दोनदा विचारलं की बरं वाटत नाही का.

ती पोचली तेव्हा मंडळीच्या हॉलमधलं मखर तयार होतं. शेकडो पट्ट्या. फुलांच्या पाकळ्यांत, खांबांवर, झालरींत. इंद्राणी एकेक बोटांनी चाचपू लागली. 'साखर पाचशे टन.' 'जहाज सोमवारी.' 'साखर.' 'साखर.' बाया हसायला लागल्या की ही आपलंच काम तपासतेय. आई म्हणाली, "वर बघ गो, वर! कित्ती झोली, कित्ती छान दिसतंय. तीन हात एकसलग, कुठं तुटलं नाय. म्हणून तोरणाला लावलं."

इंद्राणीने वर पाहिलं. देवाच्या चौरंगाच्या बरोबर वर, मधोमध, झेंडूच्या दोन माळांच्या मध्ये ती पट्टी ताणून बांधली होती. सत्यदेव, भोक, कोरं, भोक, कोरं, कोरं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"आई, ते काढू या. दुसरं लावते."

"आयो, आता? मूर्ती बघ आली!"

मूर्ती खरोखरच दारात होती, गर्दीही होती. रात्री हॉलला कुलूप लागलं आणि किल्ली पुजाऱ्याच्या कमरेला. सकाळी प्राणप्रतिष्ठा झाली. नंतर इंद्राणी स्टूल घेऊन गेली तर गोवर्धनने तिचा हात धरला. "खुळी काय तू? देव बसला आता. उत्तरपूजा होईस्तवर कशाला हात नाय लावायचा." बापाला खरं सांगितलं असतं तर त्याने तोरण ओरबाडून काढलं असतं, आणि आख्ख्या गावाने का म्हणून विचारलं असतं.

तो दिवस आणि ती रात्र तिने कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. दुपारी मिरवणुकीच्या परवान्यासाठी पोलिसांची जीप आली. आणीबाणीत चार माणसं जमायची तरी कागद लागे. दोन शिपाई आत आले, त्यांनी बूट काढले, नमस्कार केला. एक उंच होता. प्रसाद घ्यायला वाकताना त्याची टोपी तोरणाला घासली आणि पट्टी हलली. "झोली," तो म्हणाला. छान आहे. इंद्राणीच्या हातातलं ताट कलंडलं, मोदक जमिनीवर गडगडले. आई रागावली. शिपाई हसले आणि मोदक गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा होती. मूर्ती जागची हलली की पट्टी काढायची, चुलीत घालायची, एवढंच इंद्राणीने मनाशी धरलं होतं. पुजाऱ्याने अक्षता टाकल्या. तिने स्टूल उचललं. आणि दारातून हरिप्रसाद आत आला, हातात नारळ, डोक्यावर टोपी. गोवर्धन दरवर्षी त्याला आमंत्रण देई. तीन वर्षांत तो एकदाही आला नव्हता.

त्याने देवाला हात जोडले. मग मान वर केली, चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा लावला. त्याचे ओठ हलू लागले. इंद्राणी पाहत होती. तो डावीकडून उजवीकडे वाचत गेला, सावकाश, एकही अक्षर न गाळता. शेवटाला पोचल्यावर त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, प्रेमाने नाही. नुसतं पाहिलं.

"गोवर्धन भाई," तो म्हणाला, "ई तोरण हमके दे द. परसाद समझ के."

गोवर्धनचा ऊर भरून आला. पोर्ट लुईच्या साहेबाला आपल्या गावची कारागिरी आवडली! इंद्राणीच्या हातातलं स्टूल घेऊन म्हातारा स्वतः वर चढला, गाठी सोडल्या, पट्टीची गुंडाळी केली आणि दोन्ही हातांनी हरिप्रसादला दिली. त्याने ती कपाळाला लावून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. बाहेर झाकरीचा ढोल सुरू झाला. नदीवर देव बुडताना सगळे "पुढच्या वर्षी लवकर या" ओरडत होते. इंद्राणी गर्दीत हरिप्रसादचा कोट शोधत होती.

रजा संपवून ती कचेरीत गेली ती बेड्यांची तयारी करूनच. बॅगेत तिने एक जास्तीची साडी घेतली होती. हरिप्रसाद जागेवर होता. डोळे लालभडक, उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. अकरा वाजता अंमलदार आला, पुन्हा सगळं उलथंपालथं केलं, काही मिळालं नाही, आणि गेला. खोलीत दोघंच उरले तेव्हा हरिप्रसाद तिच्या खुर्चीशी आला.

"सब ठीक कर देली," तो म्हणाला. "अब ई बात पर एक शब्द ना. ना लाइन पर, ना कोठरी में."

काय ठीक केलं? कुठे ठेवलं? विचारायची तिची छाती झाली नाही.

सत्यदेव गुरुजी सात महिन्यांनी सुटून आले. परदेशात नावं वाचली गेल्यावर हिराला नवऱ्याची भेट मिळू लागली होती. गाव म्हणे, गणपतीची कृपा. लूसेतचे शब्द कितीतरी दिवस यंत्रावर येत राहिले. 'तू आहेस का?' 'बकरीची पाळी आहे.' 'रागावलीस का?' इंद्राणी फक्त साखर आणि जहाजं टाइप करी, आणि तीन मिनिटांतला उरलेला वेळ हात मांडीवर ठेवून बसे. वर्षभराने मार्सेयला दुसरी ऑपरेटर आली. तिने पावसाचं कधी विचारलं नाही.

आणीबाणी उठली. निवडणुका झाल्या, सरकारं आली-गेली. इंद्राणीची भीती मात्र जागची हलली नाही. कारण हरिप्रसाद आता दर चतुर्थीला येऊ लागला. नारळ ठेवी, दोन मोदक खाई, आणि निघताना तिला एकटीला गाठून दरवर्षी तेच म्हणे, "तोहार चीज हमार घरे बा. कभी आके देख ले." तुझी वस्तू माझ्या घरी आहे, कधी येऊन बघून जा. पुढे तो निवृत्त झाला, तरी पोर्ट लुईहून बस पकडून येई. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. इंद्राणीला वाटे, आज ना उद्या हा किंमत सांगेल. तिला मुख्य ऑपरेटरची जागा मिळाली तेव्हा वाटलं, आता सांगेल. लग्न ठरलं तेव्हा वाटलं, आता नक्की. त्याने कधीच काही मागितलं नाही, आणि त्यामुळे तिचं भय दरवर्षी वाढतच गेलं. त्याच्या घरी तर ती मेली तरी गेली नसती.

त्र्याऐंशी साली चतुर्थीला हरिप्रसाद आला नाही. आठवड्याने कळलं, हृदयाच्या झटक्याने गेला. आणि खरं सांगायचं तर बातमी ऐकून इंद्राणीला आधी दुःख झालंच नाही. तिला वाटलं, आता ती पट्टी कोणाच्या हाती लागेल?

म्हणून ती गेली. समाचाराला म्हणून, पण खरं तर पट्टी शोधायला. दार हरिप्रसादच्या बायकोने, विद्यावतीने उघडलं. इंद्राणीने नाव सांगितलं, तसा बाईचा चेहरा उजळला. "तू ऊ सें पिएर वाली इंद्राणी? आव, आव. केतना देर कइले, बेटी." किती उशीर केलास. आणि तिला हाताला धरून सरळ देवघरात नेलं.

तिथे, देवांच्या तसबिरींवर, दोन खिळ्यांना ते टांगलेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. अकरा वर्षं! रंग उडून पांढुरकं झालं होतं, टोकांना कुंकवाची बोटं लागली होती.

इंद्राणीने हात वर केला. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. पाच भोकं. पुढचं, पाच भोकं. तिला वाटलं आपण वाचायला विसरलो. ती सरकत गेली, जिथे सत्यदेव होते तिथे पाच, जिथे गाव होतं तिथे पाच, पाच, पाच, पाच. तीन हात पट्टीत एक अक्षर शिल्लक नव्हतं. कुठे कुठे टोचणी निसटून कागद फाटला होता, तिथे मागून डिंकाने कागदाची बारीक चकती लावून भोक पुन्हा पाडलं होतं.

"दू दिन बइठल रहलन," विद्यावती म्हणाली. "न खाना, न पानी. अँगूठा में फोड़ा पर गइल. हम कहनी जला द. कहलन, देवता के तोरण ना जलावल जाला." दोन दिवस उपाशी बसून होते, जाळून टाका म्हटलं तर म्हणाले, देवाचं तोरण जाळत नाहीत. मग ती जरा हसली. "कहत रहलन, ऊ लइकी छेद पढ़ेले. ओकरा के कुछ बोले के काम नइखे. एक दिन आई, देखी, अउर हँसी." ती मुलगी भोकं वाचते, तिला बोलून सांगायची गरज नाही, एक दिवस येईल, बघेल आणि हसेल.

इंद्राणीचं बोट शेवटच्या पाच भोकांवर होतं. तिला हसायचं होतं. त्याने हसण्यासाठीच ठेवलं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर अकरा चतुर्थ्या उभ्या राहिल्या, बसने आलेला तो म्हातारा, त्याच्यासमोर आपण नजर न मिळवता ठेवलेले मोदक, आणि एकदाही न म्हटलेलं 'या, बसा.'

ती विद्यावतीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. विद्यावतीला वाटलं, पोरीची माया होती त्याच्यावर. ती तिला थोपटत राहिली, आणि इंद्राणीने तिला खरं काय ते सांगितलं नाही.